अकरावा बाहेर उभा

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलं, त्याला बरेच महिने झाले. स्मरणिकेत दोन पानं ठेवली आहेत, असं अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार," असंही वर म्हणाले. मला बरं वाटलं. वाळूजच्या कारखान्यात लेथ मशीनवर नोकरी काढलेल्या माणसाला लिहायला कोण सांगतं? मी नवं पेन आणलं, टेबल पुसून घेतलं आणि पहिले शब्द लिहिले, 'आमच्या क्लबची स्थापना'. तिथंच गाडी अडली. स्थापना कधी झाली, कुठं झाली, कोणी केली, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी त्याच क्लबचा सेक्रेटरी आहे.

स्मरणिकेची ती दोन पानं अजून कोरी आहेत. हा लेख मात्र झाला, कारण दिवाळी अंकात गोंधळ लिहिला तरी चालतो, असं संपादकांनी मला सांगितलं. क्लबचं नाव मी लिहीत नाही. मूळ नाव कोणतं यावरूनही दोन तट आहेत आणि दोन्ही तटांतले लोक मला रोज भेटतात.

आधी सेक्रेटरी म्हणजे काय ते सांगतो. लोकांना वाटतं, हा माणूस मीटिंगा घेतो, सत्कार करतो, पेपरात फोटो छापून आणतो. हौशी क्लबच्या सेक्रेटरीचं खरं काम एकच, रविवारी मैदानावर अकरा माणसं उभी करणं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमची निम्मी टीम वाळूजला कामाला, बजाजनगरात राहणारी. तिथं दिवस तीन पाळ्यांत कापलेला असतो. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे घर सोडतो, तिसऱ्या पाळीचा पहाटे घरी येतो, आणि दर आठवड्याला पाळ्या बदलतात. कोणाची कोणती पाळी हे बायकोला माहीत नसलं तरी मला माहीत असावं लागे. मोबाईल नव्हते तेव्हा मी शनिवारी स्कूटर काढून दारोदार हिंडायचो. आता ग्रुप आहे. शनिवारी त्यावर सोळा अंगठे उमटतात आणि रविवारी नऊ माणसं येतात. स्कूटरवाले दिवस बरे होते. दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणताना लोकांना निदान लाज वाटायची.

गिऱ्हाइकं तरी कसली एकेक. एक गोलकीपर तिसरी पाळी करून सरळ मैदानावर आला. खेळ सगळा पलीकडच्या बाजूला चालला होता. हा पठ्ठ्या गोलपोस्टला टेकून उभ्या उभ्या झोपला. अर्धा वेळ संपला, दोन्ही टीमनी बाजू बदलल्या, आणि हा तिथंच. समोरच्यांचा गोलकीपर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं हळू आवाजात मला विचारलं, "ह्यांना उठवू का, का राहू देऊ?" दुसरा एक बॅक, बिचाऱ्याचं लग्न दुसऱ्या दिवशी. हळद लागलेली, अंगावर पिवळं धोतर. नवरदेवानं हळदीनंतर घराबाहेर पडू नये म्हणतात, हा मागच्या दारानं पळून आला. खेळला झकास. त्या दिवशी समोरच्या टीमच्या पांढऱ्या जर्सींवर पिवळे पंजे उमटले आणि रेफरीला प्रत्येक फाऊल कोणी केला ते आपोआप कळत होतं. लग्नात त्याच्या सासूनं मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

मैदान आमचं स्वतःचं नाही. गारखेड्याच्या बाजूला महापालिकेचं एक मोकळं मैदान आहे, तिथं आम्ही खेळतो. शनिवारी तिथं कोणाच्या तरी लग्नाचा मांडव असतो किंवा कोणाची तरी सभा. रविवारी सकाळी जाऊन मांडवाचे खड्डे बुजवायचे, फक्कीनं रेषा मारायच्या आणि क्रिकेटवाल्या पोरांना दहा वाजेपर्यंत थांबा म्हणून समजावायचं, हेही सेक्रेटरीच्याच खात्यात. याबद्दल तक्रार नाही. फक्कीची पांढरी रेष सरळ आली की मला अजूनही आनंद होतो.

आता आमच्या क्लबची एक रीत सांगतो, जिच्यामुळे हे सगळं लिहावं लागलं. आमचा क्लब सामना दहा जणांनी सुरू करतो. अकरावा खेळाडू रेषेच्या बाहेर उभा राहतो. बॉल पहिल्यांदा मैदानाबाहेर गेला की रेफरी हात करतो आणि मग अकरावा आत जातो. बाहेर कोणी राहायचं हेही ठरलेलं, त्या दिवशी मैदानावर जो सगळ्यात शेवटी पोचला तो. यात नियमाबाहेर काही नाही. सात माणसं असली तरी सामना सुरू होऊ शकतो, आणि यादीत नाव असलेला माणूस रेफरीच्या परवानगीनं मागाहून आत येऊ शकतो. जिल्ह्यातल्या सगळ्या रेफरींना आमची ही खोड माहीत आहे. बाहेरगावची टीम आली की हसते.

मी क्लबमध्ये आलो तेव्हा ही रीत होती असं मला पक्कं आठवतं. निदान इतके दिवस पक्कं आठवत होतं. कारण मी कधी विचारलं नाही. माझ्यापुरता मी अर्थ लावून घेतला होता की पाळी सुटून येणाऱ्या माणसाला उशीर व्हायचा, त्याच्यासाठी जागा ठेवायचे, आणि मग सवयच पडली. इतिहास लिहायचा म्हटल्यावर एवढं तरी खात्रीनं लिहावं म्हणून मी जुन्या लोकांकडे गेलो.

पहिले हबीबचाचा. शहागंजच्या बाजूला त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आमचे सगळ्यात जुने गोलकीपर. ते म्हणाले, तेव्हा क्लबकडं बुटांचे दहाच जोड होते. अकराव्याला बूट नाही, म्हणून तो बाहेर. मला पटलं. उठता उठता सहज विचारलं की बॉल बाहेर गेल्यावर मग त्याला बूट कुठून मिळायचे. चाचा म्हणाले, नाही मिळायचे, तो तसाच अनवाणी खेळायचा. मग आधीपासूनच अनवाणी का नाही खेळायचा? चाचांनी चष्मा काढला, कपडा घेऊन पुसला, परत लावला.

"हौ, ये बात तो सही है," ते म्हणाले. "इत्ते साल हो गये, किसी ने पूछाइच नै."

दुसरे आबा. बिडकीनचे, घरची मोठी शेती होती, ती कारखान्यांच्या वसाहतीत गेली, आता शहरात मुलाकडे असतात. त्यांच्या काळात ते कॅप्टन होते आणि अजूनही बसतात तसेच. आबा म्हणाले, बुटांचं सगळं खोटं आहे, हबीबला काय आठवतं? आपली टीम इतकी भारी होती की समोरच्याला बरोबरीत आणायला आपण एक माणूस बाहेर ठेवायचो. मी ज्या क्लबचा सेक्रेटरी आहे त्याला समोरच्याला बरोबरीत आणायची वेळ माझ्या डोळ्यांदेखत तरी कधी आली नाही. आबांनी पुरावा म्हणून कपाटातून एक फोटो काढून दाखवला. ओळीत दहा जण, छाती काढून. "बघ, दहाच," म्हणाले. मी म्हटलं, अकरावा फोटो काढत असेल. आबांनी फोटो परत कपाटात ठेवला आणि चहा सांगितला. चहा पिता पिता म्हणाले की तसं बघितलं तर ही रीत गौतमच्या वेळेपासूनच सुरू झाली असंही असेल, नक्की सांगता येत नाही.

हे ऐकून माझं डोकं पार फिरलं. कारण गौतमचं नाव आलं की विषय रीतीचा राहत नाही, सुमनताईंचा होतो.

गौतम आमचा लेफ्ट विंगर. वाळूजला कंत्राटी कामगार होता, आमच्या पलीकडच्याच शेडमध्ये. अंगानं बारीक आणि पायांत असं काही की बॉल त्याला सोडून जायला तयार नसे. उशिरा मात्र हमखास यायचा. एके दिवशी पहिल्या पाळीला म्हणून घरातून निघाला तो कारखान्यात पोचलाच नाही. घरीही परत आला नाही. भांडण नाही, कोणाशी वाकडं नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, रेल्वे स्टेशन झालं. आम्ही टीममधले लोक जालन्यापासून मनमाडपर्यंत हिंडलो. काही म्हणता काही कळलं नाही. त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील.

सुमनताई त्याची मोठी बहीण. आईबाप लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवला होता. सरकारी दवाखान्यात आया होती, आता निवृत्त आहे. गौतम गेला त्यानंतरच्या रविवारी ती मैदानावर आली. पोरांपैकी कोणाला काही माहीत असेल, एवढ्याच आशेनं. तिनं पाहिलं, आत दहा जण, एक जण रेषेवर बाहेर. तिनं कोणाला तरी विचारलं, हा बाहेर का? आणि कोणीतरी तिला सांगितलं, गौतमची जागा ठेवली आहे.

कोणी सांगितलं ते आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही. मी सगळ्यांना विचारून बघितलं. सगळे म्हणतात मी नाही, आणि सगळे असं म्हणतात की सांगितलं ते बरंच केलं.

तेव्हापासून सुमनताई आमच्या प्रत्येक सामन्याला येते. कडुनिंबाखाली एक दगड आहे, त्यावर बसते. बॉल पहिल्यांदा बाहेर जाईपर्यंत ती मैदानाकडे बघतच नाही, फाटकाकडे बघते. मग अकरावा आत जातो, ती पदरानं तोंड पुसते आणि बाकीचा सामना बघते. फुटबॉल तिला आता रेफरीपेक्षा जास्त कळतो. टीममधली पोरं बदलली, तिला ताई म्हणणारे गेले, आत्या म्हणणारे आले. ती तिथंच आहे.

मग सागर आला. आमचा नवा कोच, बजाजनगरचा, रीतसर कोचिंगचा कोर्स केलेला. पोरगा मेहनती, शब्दाला पक्का. त्यानं दोन वर्षांत पोरांना पळायला शिकवलं, आणि आमचा क्लब जिल्हा लीगच्या वरच्या गटात जायच्या अगदी उंबरठ्यावर आला. मागच्या हंगामात एकाच सामन्यानं हुकलं. त्या सामन्यात आमचा अकरावा रेषेवर उभा असतानाच समोरच्यांनी गोल केला. बॉल बाहेर गेलाच नव्हता, थेट जाळ्यात गेला. यंदा परत तीच वेळ आली, शेवटचा सामना, जिंकलो तर वर. सागरनं कमिटीपुढं सरळ सांगितलं की मी यंदा अकरा जणांनी सुरुवात करणार, नाहीतर दुसरा कोच बघा. कमिटीनं माना डोलावल्या. त्यांचंही चूक नव्हतं. पोरांनी वर्षभर घाम गाळलेला. सुमनताईंना काय सांगायचं, असं मी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरीचं खातं.

सागर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मला पण वाईट वाटतं. पण मला एक सांगा, ही रीत नेमकी कशासाठी आहे? गौतमसाठी आहे असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, मी बाहेर ठेवतो एकाला."

छातीपर्यंत गेलेला हात मी खाली घेतला. बूट, बरोबरी, पाळी, गौतम. प्रत्येक गोष्ट ऐकताना खरी वाटायची आणि घरी येईपर्यंत निसटायची. सगळ्यात वाईट म्हणजे माझी स्वतःची आठवणही आता डळमळली होती. मी खेळत असताना रेषेवर उभा राहिलो होतो, हे मला दिसतं. ऊन दिसतं, पाय भाजत होते तेही आठवतं. पण ते गौतमच्या आधी की नंतर, हे काही केल्या लागत नाही. माणसाला आपलं आयुष्य तरी पाठ असावं की नाही?

सामन्याच्या आदल्या आठवड्यात मी सुमनताईंच्या घरी गेलो. गारखेड्याच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या आहेत. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. गौतमचा फोटो भिंतीवर नाही. भिंतीवरचा फोटो म्हणजे हार आला, म्हणून तिनं तो शोकेसमध्ये कपबशांच्या शेजारी ठेवला आहे. तिची भाची तिथंच होती. तिनं मला एकटं गाठून सांगितलं की सगळे नातेवाईक सांगून थकले, आता गौतममामाचं पुण्यानुमोदन करून घेऊ, चार माणसं जेवतील, मावशीच्या जिवालाही शांतता. पण मावशी म्हणते, जित्या माणसाचं कसलं पुण्यानुमोदन करता?

मी चहा घेतला, हवापाण्याचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. शेवटी कसंबसं सांगितलं की या रविवारी अकराच्या अकरा जण सुरुवातीपासून खेळणार आहेत. सुमनताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"म्हंजी जागा भरली म्हणायची," ती म्हणाली.

तसं नाही, मी म्हटलं, फक्त हा एक सामना. पण तिनं ते ऐकलं नाही.

"एक खरं सांगा, भाऊ. ती जागा त्याचीच व्हती ना?"

खोटं बोलणं मला अवघड नाही. सेक्रेटरी माणूस आहे, रेफरीला, कारखान्यातल्या सुपरवायझरला, पोरांच्या सासवांना मी आयुष्यभर थापा मारल्या. व्हय म्हटलं असतं की विषय संपला असता. पण व्हय म्हटलं तर रविवारी आम्ही त्याचीच जागा भरणार होतो. आणि नाही म्हटलं तर पंचवीस वर्षं ती कोणाची वाट बघत बसली होती? मी म्हटलं, "ताई, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

ती हसली. रागावून हसली की कसं, ते मला कळलं नाही. "तुमालाच ठावं नाय म्हणल्यावर," एवढंच म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. रविवारी येणार का, असं मी दारातून विचारलं. आतून भांड्यांचा आवाज आला.

रविवारी ती आली. नेहमीच्या दगडावर बसली. मी उगीचच पुसट नसलेल्या रेषांवर परत फक्की मारत होतो. सागरनं पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना सगळं समजावलं. अकरा जण आत, पहिल्या मिनिटापासून, कोणी बाहेर थांबायचं नाही. पोरांनी हो म्हटलं. कोणी काही विचारलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रेफरी पठाणसर होते. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आमचे निम्मे सामने त्यांनीच खेळवलेत. त्यांनी दोन्ही टीमना आत बोलावलं, घड्याळ बघितलं, सवयीनं दोन्हीकडची माणसं मोजली. समोरची अकरा. मग आमच्या बाजूला वळले. मोजली. परत मोजली. शिट्टी तोंडातून काढून माझ्याकडे आले.

"सेक्रेटरी, तुमची टीम कुठं आहे?"

मी बघितलं. आत सहा जण होते. बाकीचे पाच रेषेच्या बाहेर, एकमेकांपासून लांब लांब. एक जण बुटाची नाडी बांधत होता, सोडून परत बांधत होता. एक पाणी पीत होता. एकाला पिंडरीला चिकटपट्टी हवी होती. एक काहीच करत नव्हता, नुसता उभा होता. आणि पाचवा गोलकीपर. आमचं गोल रिकामं होतं.

भानगड लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. प्रत्येकानं मनाशी ठरवलं होतं की सागरसर काही म्हणोत, सुमनआत्यासाठी आपण एकट्यानं बाहेर थांबायचं, मग काय ओरडा खायचा तो खाऊ. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे एकट्यानं थांबणारे पाच निघाले.

मग जो गोंधळ झाला तो मी आमच्या मैदानावर कधी पाहिला नव्हता. पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपल्याऐवजी दुसरा थांबतोय म्हणून पाचही एकदम आत गेले. आत गेल्यावर रेषेवर कोणीच नाही असं दिसलं, म्हणून तिघे परत बाहेर आले. त्यांना बघून आधीच्या सहांतला एक बाहेर आला. मी आज शेवटी आलोय, असं एक म्हणाला. तू नाही, तू पाणी आणायला गेलता, शेवटी मीच आलोय, असं दुसरा. समोरची टीम आधी हसली, मग वैतागली. त्यांचा मॅनेजर पठाणसरांना नियम सांगायला लागला की सातपेक्षा कमी असतील तर सामना आम्हाला द्या. पठाणसर त्याला म्हणत होते, अहो आत्ता सात होते, थांबा, आता आठ झाले. सागरचा चेहरा लाल झाला होता. तो माझ्याजवळ आला, काही तरी कडक बोलणार असं वाटलं, पण त्यानं हातच जोडले.

"ठेवा काका, ठेवा एकाला बाहेर," तो म्हणाला. "पण कोणाला ते ठरवा तरी."

ते ठरेना. मी हाका मारतोय, पोरं ऐकत नाहीत, पठाणसर घड्याळ दाखवतायत. एवढ्यात माझ्या मागून कोणीतरी आलं. सुमनताई होती. चपला तिनं दगडापाशीच काढल्या होत्या, मैदानात ती कधी चपला घालून येत नाही. तिनं विचारलं काय चाललंय. मी सांगितलं, तुमच्यासाठी एकानं बाहेर थांबायचं म्हणतात आणि कोणी थांबायचं ते त्यांना कळेना.

ती रेषेपर्यंत गेली. तिनं एकेकाकडे नीट बघून घेतलं, जशी घरातली बाई पाहुण्यांत कोण जेवायचं राहिलंय ते बघते.

"जा रं समदे आत," ती म्हणाली. "भायेर मी उभी ऱ्हाते."

पोरं आत गेली, अकराच्या अकरा. गोलकीपर धावत गोलमध्ये गेला. सुमनताई रेषेच्या बाहेर, अकरावा जिथं उभा राहतो तिथं उभी राहिली, पदर खोचून, अनवाणी. पठाणसरांनी शिट्टी वाजवली.

एरवी आमच्याकडे बॉल पहिल्या मिनिटातच बाहेर जातो. तेवढं आमचं कसब आहे. त्या दिवशी मात्र जाईना. पोरांनी जणू ठरवलं होतं, की समोरच्यांनी, की मैदानानं, कोण जाणे. बॉल रेषेपर्यंत यायचा आणि कोणाच्या तरी पायाला लागून परत आत जायचा. ऊन चढलं होतं. मी छत्री घेऊन ताईंजवळ गेलो, तर तिनं हातानं नको म्हणून सांगितलं. नेहमीप्रमाणे ती फाटकाकडे बघत होती, असं मला वाटलं होतं. जवळ गेल्यावर दिसलं की ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

शेवटी समोरच्या बॅकनं जोरात मारला आणि बॉल ताईंच्या अगदी बाजूनं बाहेर गेला. पठाणसरांचा हात सवयीनं वर गेला. रेषेकडे तोंड करून त्यांनी नेहमीची खूण केली, अकराव्यानं आत यावं. खूण केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आत तर अकरा आहेत. पण हात तसाच राहिला. सगळं मैदान ताईंकडे बघत होतं.

सुमनताईंनी एकदा वळून फाटकाकडे बघितलं. फाटकात कोणी नव्हतं. मग तिनं पठाणसरांकडे बघून हात हलवला, कोणी नाही, खेळवा तुम्ही. आणि हळूहळू चालत दगडाकडे गेली. मी छत्री धरून तिथंच उभा राहिलो आणि मला रडू आलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही, सगळ्यांनी बघितलंच आहे.

सामना आम्ही एका गोलनं हरलो. तोही शेवटी शेवटी, अकराच्या अकरा जण मैदानात असताना. अध्यक्षांनी एवढंच विचारलं की इतिहासाचं कुठवर आलं.

पोरं गेल्यावर मी ताईंना घरी सोडायला स्कूटर काढली. ती दगडावर बसून तळपायांना हात लावत होती, जमीन चांगलीच तापली होती. मी म्हटलं, ताई, एवढा वेळ उभं राहायची काय गरज होती, बसायचं होतं मधेच. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"लई वर्सं भायेर उभा ठिवला मी त्याला, भाऊ," ती म्हणाली. "पाय दुखले असतील."